पस्तीस टक्क्यांचा पेच
वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि अधू शरीर

या महिन्यात आलेली पत्रे लावताना असे ध्यानात आले की त्यांतली पाच पत्रे निरनिराळ्या वयांच्या आणि व्यवसायांच्या माणसांची असली, तरी ती एकाच जागी येऊन अडतात. ही पत्रे ज्यांच्याविषयी आहेत त्या माणसांचे शरीर इतके अधू नाही की समोरच्याने आपण होऊन जागा करून द्यावी, आणि इतके धडही नाही की कोणाच्या नजरेत येऊ नये. पूर्ण अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी निदान एखादा नियम, एखादी रांग, एखादी योजना असते. थोडे लंगडणाऱ्याला किंवा एका हाताने कमी असणाऱ्याला मात्र 'तुमचे तर बरे चालले आहे' हे ऐकून परतावे लागते. म्हणून या वेळचे सदर या पाच पत्रांपुरतेच ठेवले आहे.

उत्तरे देणाऱ्याने आपली ओळख सांगणे बरे. माझी 31 वर्षे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात गेली, म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर. आणि माझा डावा पाय वयाच्या दुसऱ्या वर्षीच पोलिओने गेलेला, म्हणजे त्या टेबलाच्या अलीकडची खुर्चीही मला अनोळखी नाही. सरकारी कागदांवर आपल्या मध्य प्रदेशात आधी 'विकलांग', मग 'निःशक्त' आणि आता 'दिव्यांग' असे शब्द येत गेले. आमची आजी 'पाय अधू आहे' एवढेच म्हणत असे आणि मला अजून तोच शब्द बरा वाटतो. कायद्याविषयी लिहिताना मात्र कायद्याचा शब्द वापरला आहे.

प्रश्न : मी 24 वर्षांचा असून बी. कॉम. झालो आहे. जन्माच्या वेळी मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्यामुळे माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि त्या हाताची पकडही कमी आहे. मी डाव्या हाताने लिहितो आणि संगणकावर हिशेब ठेवण्याची टॅली ही प्रणाली शिकलो आहे. वैद्यकीय मंडळाने 35 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र दिले. गेल्या वर्षभरात इंदूरच्या सियागंज आणि पलासिया भागांत सात मुलाखती दिल्या. तीन ठिकाणी हाताविषयी आधी कळवले, तेथून 'नंतर सांगतो' असे उत्तर आले. चार ठिकाणी कळवले नाही, तेथे हात पाहताच मालकांचे चेहरे उतरले. सांगावे की लपवावे? आणि 40 टक्के भरत नाहीत म्हणजे कायद्याने मला काहीच मिळत नाही का? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याविषयी तुमचाच नव्हे, अनेक अधिकाऱ्यांचाही गैरसमज आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, या कायद्यात 21 आहेत. पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या कायद्यात दोन व्याख्या शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत. 'दिव्यांग व्यक्ती' या पहिल्या व्याख्येत टक्क्यांचा उल्लेखच नाही. शरीरातील दीर्घकाळची उणीव आणि बाहेरचे अडथळे या दोहोंमुळे इतरांच्या बरोबरीने वावरता येत नसेल, तर तेवढे पुरते. 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' या दुसऱ्या व्याख्येला 40 टक्के लागतात. आरक्षण हे दुसऱ्या व्याख्येचे फळ आहे : केंद्राच्या पदांत 4 टक्के, मध्य प्रदेश शासनाच्या पदांत 6 टक्के, आणि केंद्रीय भरतीत वयाची 10 वर्षांची सवलत. ते तुम्हाला मिळणार नाही, हे खरे आहे. परंतु अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोय मागण्याचा हक्क पहिल्या व्याख्येतल्या माणसाचा आहे, म्हणजे तुमचाही आहे.

हे माझे मत नाही. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला. लिहिताना बोटे आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक, म्हणजे परीक्षेत त्याच्या वतीने लिहिणारा मदतनीस, नाकारला गेला होता. आरक्षणासाठीची अट सोयीच्या हक्काला लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्र सरकारने 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटांचा जादा वेळ यांविषयीच्या सूचना काढल्या. तुम्ही बँकेच्या किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना बसणार असाल, तर अर्ज सर्वसाधारण गटातूनच भरावा लागेल, पण ही सोय अर्जातच मागून ठेवा. तिच्यासाठी लिहिण्यातील अडचणीचे वेगळे वैद्यकीय प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात द्यावे लागते आणि ते आयत्या वेळी मिळत नाही. लेखनिकाचे नियम बदलत असतात. म्हणून प्रत्येक जाहिरातीतला तो भाग मुळातून वाचावा, मित्राच्या तोंडून ऐकू नये.

तुमच्या 35 टक्क्यांच्या प्रमाणपत्राला घरी कोणी 'बिनकामाचा कागद' म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नका. स्वावलंबन कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ज्या सरकारी ओळखपत्राला सगळे यूडीआयडी म्हणतात त्यासाठी, अर्ज करा. 2024 मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार या कार्डांना रंग आले आहेत : 40 टक्क्यांच्या खाली पांढरे, 40 ते 80 पिवळे आणि 80 व त्यावर निळे. पांढऱ्या कार्डाने आरक्षण मिळत नाही, पण तुमची अडचण सरकारदरबारी नोंदलेली आहे, एवढे ते सिद्ध करते. आणि सोय मागताना हाच पुरावा पहिल्यांदा विचारला जातो.

आता सांगावे की लपवावे याविषयी. अर्जात किंवा परिचयपत्रात हाताचा उल्लेख करू नये, असे माझे मत आहे, कारण कागद वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि 'उजवा हात अधू' एवढ्या शब्दांवरून तो मनात जे चित्र काढतो ते तुमच्यापेक्षा फार वाईट असते. मुलाखतीत मात्र तुम्ही खुर्चीवर बसताच समोरच्याला हात दिसणार आहे. तो दिसल्यावर तो विचारू की नको या संकोचात पडतो, तुमचे पुढचे बोलणे त्याच्या कानावरून जाते आणि शेवटी सोपा मार्ग म्हणून 'नंतर सांगतो' म्हणतो. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसून हे केलेले आहे आणि ते कबूल करताना मला बरे वाटत नाही. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत विषय तुम्हीच काढावा, तीन वाक्यांत संपवावा आणि त्यात रोगाचे नाव नको, कामाचे नाव असावे. उदाहरणार्थ : 'माझा उजवा हात जन्मापासून कमजोर आहे. टॅलीच्या नोंदी मी डाव्या हाताने करतो आणि त्या आत्ता करून दाखवू शकतो. उंच फळीवरची जड दफ्तरे काढणे मात्र मला जमत नाही.' तिसरे वाक्य गाळू नका. जे जमत नाही ते आपणच सांगणाऱ्या माणसाने जे जमते म्हणून सांगितले, त्यावर विश्वास बसतो. सियागंजातल्या जुन्या गाळ्यांत तर माळ्यावर चढून बस्ते उतरवणे हे मुनिमाच्या कामात धरलेलेच असते, तेव्हा ही गोष्ट नोकरी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी उघडी पडण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेली बरी.

आणि खरोखर करून दाखवा. कीबोर्डावरचे आकड्यांचे चौकोन उजव्या बाजूला असतात, त्यामुळे डाव्या हाताने भरभर आकडे भरताना सारखे आडवे जावे लागते. आकड्यांची सुटी पट्टी काही शे रुपयांत मिळते. ती विकत घ्या, डाव्या बाजूला ठेवून महिनाभर सराव करा आणि मुलाखतीला पिशवीत घालून न्या. टॅलीत कालावधी बदलायला आल्ट आणि एफ-टू ही दोन बटणे एकत्र दाबावी लागतात, तसे जोडदाब एका हाताने अवघड जात असतील तर विंडोजमधील 'स्टिकी कीज' ही सोय चालू करावी, म्हणजे बटणे एकामागून एक दाबली तरी चालतात; शिफ्टचे बटण सलग पाच वेळा दाबले की ती चालू करायची का, असे संगणक स्वतःच विचारतो. मालकाला दहा मिनिटे काम पाहू द्या. माझ्या अनुभवात असे पाहिल्यानंतरचा नकारसुद्धा वेगळ्या सुराचा असतो आणि पुष्कळदा दुसऱ्या कोणाचा तरी पत्ता देऊन जातो.

प्रश्न : मी एका खासगी शाळेत 22 वर्षे शिकवते. वय 49. लहानपणीच्या पोलिओमुळे उजव्या पायात थोडे लंगडणे आहे, पण त्याचे मी कधी भांडवल केले नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र पाय फार दुखतो, दुपारनंतर गळून जाते, आणि आता डावा पायही भरून येतो. या वर्षी माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर दिले आहेत. शाळेत लिफ्ट नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तोंडी सांगितले तेव्हा 'झेपत नसेल तर विचार करा' असे उत्तर आले. इतकी वर्षे सवलत मागितली नाही, आता मागणे कमीपणाचे वाटते. राजीनामा द्यावा का? — एक शिक्षिका, लोकमान्यनगर

उत्तर : ताई, राजीनाम्याचे पुढे बोलू, आधी पायाचे. तुम्ही लिहिता ती लक्षणे आळसाची किंवा नुसत्या वयाची नसावीत. पोलिओ होऊन गेल्यावर 15 वर्षांनी, कधी 40 वर्षांनीसुद्धा, नव्याने अशक्तपणा, थकवा आणि वेदना सुरू होतात, त्याला डॉक्टर 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' म्हणतात. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही पेशी मरतात, आणि उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ झालेल्या स्नायूंचाही भार उचलतात. अनेक वर्षे हा दुप्पट भार वाहून त्या थकतात, असे त्याचे कारण मानले जाते. म्हणजे ज्यांनी 'काही होत नाही' म्हणत आयुष्यभर पाय ओढला, त्यांनाच हा त्रास गाठतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्यामुळे तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी हा रोग पुस्तकातच पाहिला आहे. तेव्हा अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे जाताना लहानपणच्या पोलिओचा उल्लेख सर्वांत आधी करा. दुसरी कारणेही तपासून घ्यावी लागतात. व्यायाम दमेपर्यंत करू नये, थकण्याच्या आत थांबावे, दिवसातून दोनदा पाय वर घेऊन बसावे आणि लागल्यास काठी किंवा कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, वापरावे, एवढे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. काठी घेण्याचा कमीपणा मला स्वतःला चार वर्षे वाटला. त्या चार वर्षांत चांगला पायही झिजला, एवढीच त्याची कमाई.

आता शाळेचे. तुम्ही तोंडी सांगितले, म्हणून तोंडी उत्तर आले. 2006 मध्ये माझी खोली कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर होती आणि मी आमच्या साहेबांना ती खाली आणा असे चहाच्या वेळी, हसतहसत, आठ महिने सांगत होतो. ते दर वेळी 'बघू' म्हणत. शेवटी अर्ध्या पानाचा अर्ज दिला आणि पंधरवड्यात टेबल खाली आले. साहेब दुष्ट नव्हते. कागद नसलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडलेलीच नव्हती.

तुमचा अर्ज असा असावा. पहिल्या परिच्छेदात 22 वर्षांची सेवा आणि शिकवत असलेले विषय. दुसऱ्यात अडचण एका वाक्यात, सोबत डॉक्टरांच्या पत्राची प्रत. त्या पत्रात रोगाच्या नावापेक्षा 'दिवसातून दोनपेक्षा अधिक वेळा जिने चढू नयेत' अशी स्पष्ट मर्यादा लिहून घ्या, कारण वेळापत्रक लावणाऱ्याला तिचाच उपयोग होतो. तिसऱ्यात मागणी, आणि मागणीबरोबर तिचा मार्गही : अमुक इयत्तेचा वर्ग तळमजल्यावर भरतो, तो आणि माझा वर्ग यांची अदलाबदल व्हावी, ते शक्य नसल्यास वरचे तास सलग लावावेत म्हणजे एकदाच चढावे लागेल, मधल्या सुट्टीतील मैदानावरची देखरेख काढून घेऊन त्याऐवजी ग्रंथालयाची द्यावी. मुख्याध्यापिकाबाईंपुढे प्रश्न न ठेवता तीन उत्तरे ठेवा, त्यांना एक निवडायला सोपे जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

कायदा तुमच्या पाठीशी किती आहे, हे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे. सेवेत असताना अपंगत्व आले किंवा वाढले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, आणि ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, अशी भक्कम तरतूद कलम 20 मध्ये आहे. पण ती सरकारी आस्थापनांना लागू आहे. या व्याख्येत सरकारी मदत घेणाऱ्या संस्थाही येतात, म्हणून तुमची शाळा अनुदानित आहे का हे आधी पाहा. पूर्णपणे विनाअनुदानित असेल तर भेदभावाविरुद्धचे सर्वसाधारण कलम आणि समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन एवढेच हाती राहते. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी संस्थेने त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी नमूद करायच्या असतात. शाळेकडे असे धोरण आहे का, एवढे नम्रपणे विचारले तरी बहुतेक ठिकाणी धावपळ होते, कारण ते कोणीच केलेले नसते. यावरही काही झाले नाही तर भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्त चौकशी करतात, समन्स काढतात आणि शिफारस करतात. ती शिफारस न्यायालयाच्या हुकमासारखी नसते, आणि निव्वळ तिच्या भरवशावर भांडण उभे करू नये, असे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. 22 वर्षांच्या संबंधात अर्ज जे करील ते तक्रार करणार नाही.

राजीनामा मात्र देऊ नका. एकदा 'स्वेच्छेने' हा शब्द तुमच्या सहीने कागदावर उतरला की वर लिहिलेले सारे संपते. आणि सवलत कधीच मागितली नाही, हे तुम्ही कमीपणा टाळल्याचे लक्षण म्हणून लिहिले आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात तेच वाक्य तुमची सर्वांत जमेची बाजू म्हणून घाला.

प्रश्न : मी पीथमपूरच्या एका कारखान्यात साच्यात दाबून माल घडवणाऱ्या प्रेसवर नऊ वर्षे होतो. आठ महिन्यांपूर्वी डाव्या हाताची दोन बोटे गेली. नंदानगरच्या विमा रुग्णालयात उपचार झाले. आता हजर झालो तर पर्यवेक्षक म्हणतात की प्रेसवर घेता येत नाही, हिशेब करून घे. माझे वय 33 आहे, महूला घर आहे, दोन मुले आहेत. काय करावे? — एक कामगार

उत्तर : 'हिशेब करून घे' याचा अर्थ राजीनामा दे, असा आहे. छाटणी केली तर मालकाला दर वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. तुम्ही होऊन गेलात तर ती वाचते. म्हणून पर्यवेक्षकाशी वाद घालू नका आणि कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. 'मी कामावर हजर झालो आहे, प्रेस सोडून मला जमेल असे काम द्यावे' असा दोन ओळींचा अर्ज कार्मिक विभागात देऊन पोच घ्या आणि रोज हजेरीच्या वेळी फाटकावर जा.

अर्जात कामाचे नाव घाला. डाव्या हाताची तीन बोटे आणि पूर्ण उजवा हात असलेल्या माणसाला तपासणी, मोजमाप, हत्यारभांडाराची नोंद, पॅकिंगची मोजणी, फोर्कलिफ्टच्या पावत्या अशी कामे जमतात. नऊ वर्षे प्रेसवर काढलेल्या माणसाला साचा कधी बिघडतो हे आवाजावरून कळते, आणि असा माणूस तपासणीच्या टेबलावर बसवणे कारखान्याच्याच फायद्याचे असते. आम्ही तसे दोघांना बसवले होते. त्यांतला एक पुढे त्या विभागाचा प्रमुख झाला.

एक गोष्ट कामगारांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या हाताचे टक्के दोन ठिकाणी, दोन वेगळ्या रीतींनी मोजले जातात. राज्य कामगार विमा योजनेचे मंडळ 'कमाईची क्षमता किती घटली' ते ठरवते. एका हाताची दोन बोटे पूर्ण गेली तर अनुसूचीत 20 टक्के धरले आहेत. उपचाराच्या काळात मिळालेला भत्ता पगाराच्या 90 टक्के दराने असतो, आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ त्याच दराच्या तितक्या टक्क्यांनी, म्हणजे 20 टक्के ठरल्यास पगाराच्या सुमारे 18 टक्के, दरमहा, आयुष्यभर मिळतो. कामावर परतल्याने तो बंद होत नाही. पुष्कळ जण याच भीतीने कामावर जात नाहीत, आणि पुष्कळ जण मंडळासमोरच जात नाहीत. अपघाताच्या अहवालाची प्रत कारखान्याकडून घ्या आणि मंडळाच्या तपासणीसाठी तुमच्या विमा शाखेत अर्ज करा. सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्र ही दुसरी वाट आहे, तिचे टक्के वेगळे येतील, आणि एकाचा आकडा दुसऱ्या ठिकाणी दाखवून काही उपयोग नाही.

प्रश्न : माझ्या मुलाच्या पायाला 30 टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले आहे. एक गृहस्थ 45 टक्क्यांचे करून देतो म्हणतात, पैसेही फार मागत नाहीत. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आपला सल्ला हवा. — एक पालक, इंदूर

उत्तर : करू नका. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्यात आहे. नोकरी लागल्यावर फेरतपासणी होते, आणि ती दहा वर्षांनीही होऊ शकते. त्या वेळी मुलाच्या घरात त्याचीही मुले असतील.

सरळ मार्ग दोन आहेत. मंडळाचा निर्णय चुकला आहे असे खरोखर वाटत असेल तर त्यावर अपील करता येते. दुसरा मार्ग बहुतेकांना ठाऊक नसतो. मुलाला पायाखेरीज आणखी काही उणीव आहे का, उदाहरणार्थ कमी ऐकू येणे, ते तपासून घ्या. दोन अपंगत्वांचे टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. मोठ्या आकड्यात, लहान आकड्याला 90 वजा मोठा आकडा याने गुणून 90 ने भागलेले मिळवतात. 30 आणि 20 यांचे 50 होत नाहीत, सुमारे 43 होतात. पण 43 म्हणजे 40 च्या वर. नसलेली उणीव शोधायला मात्र जाऊ नका.

प्रश्न : सांवेर रोडवर माझा खोकी तयार करण्याचा छोटा कारखाना आहे, 26 माणसे आहेत. एक होतकरू गृहस्थ भांडारपालाच्या जागेसाठी आले. एका पायात कॅलिपर आहे, 45 टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे. माणूस पसंत आहे, पण त्यांच्याशी या विषयावर कसे बोलावे हे कळत नाही. काही विचारले तर अपमान होईल, न विचारले तर उद्या पडतील-झडतील ही भीती. — एक कारखानदार

उत्तर : तुम्ही हा प्रश्न लिहून विचारलात यातच अर्धे काम झाले आहे. पाय कसा गेला, लग्न झाले का, घरी कोण पाहते, हे विचारू नका. भांडाराची सगळी कामे एका कागदावर लिहा, तो कागद त्यांच्या हातात द्या, त्यांना भांडारात फिरवून आणा आणि विचारा, 'यातले कोणते काम तुम्ही कसे कराल?' हा प्रश्न धडधाकट उमेदवारालाही विचारता येतो, म्हणून त्यात अपमान नाही. आणि उत्तर तुम्हाला हवे तेच मिळते. ते कदाचित म्हणतील की शिडीवर चढणार नाही. मग विचार करा की भांडारपालाने शिडीवर चढलेच पाहिजे का, की हमाल चढेल आणि भांडारपाल खाली उभा राहून मोजेल. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक भांडारांत असेच चालते, कागदावर काहीही लिहिलेले असो.

पैशांच्या बाजूने सांगायचे तर राज्य कामगार विम्यासाठी पगाराची मर्यादा इतरांना 21,000 रुपये आहे, दिव्यांग कामगाराला ती 25,000 आहे. पगार ठरवताना हे ध्यानात ठेवा, म्हणजे ते विम्याच्या बाहेर पडणार नाहीत. तुमची माणसे 20 च्या वर असल्यामुळे समान संधीचे धोरण तुम्हालाही करावे लागते. वकिलाकडे जाण्याची गरज नाही. कोणत्या जागा योग्य आहेत, काय सोयी दिल्या आहेत आणि यासाठी कोणाशी बोलायचे, एवढे एका पानात लिहून फलकावर लावा.

सोयींचा खर्च लोकांना वाटतो तसा नसतो. रोज लागणारा माल कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा आणि क्वचित लागणारा वर-खाली ठेवा. टेबलाजवळ पाठ असलेले उंच स्टूल आणि पाय टेकायला आडवी पट्टी असू द्या. कॅलिपरचा बूट ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून भांडाराच्या दाराशी पाणी साचत असेल तर त्याचा उतार नीट करून घ्या. पावसाळ्यात सांवेर रोडला सायंकाळच्या बसची वाट पाहत तासभर उभे राहावे लागते. त्यांची वेळ अर्धा तास अलीकडे घेता आली तर पाहा. आणि कारखान्यातले शौचालय उकिडवे बसण्याचे असेल, तर गुडघा न वाकणाऱ्या माणसाला दिवसभर पाणी न पिता काढावे लागते. हे कोणीही तुम्हाला तोंडाने सांगणार नाही. ते रुजू होण्याच्या आधीच्या रविवारी एक कमोड आणि भिंतीला धरायची एक दांडी बसवून घ्या.